सुलाबाईंशी उठणं-बसणं

सुलाबाई बनसोडे उंच आहेत की बुटक्या, हे मला आजही सांगता येणार नाही. चार महिने आठवड्यातून तीनदा मी त्यांना बघत होते, पण बघत होते ते जमिनीवरून. जळकोटातल्या त्यांच्या घरात फोन तांदळाच्या डब्याला टेकवून खाली ठेवलेला असायचा. त्यामुळं मला आधी त्यांच्या टाचा दिसायच्या, मग गुडघे, मग पदर खोचलेली कंबर आणि पार वर, पत्र्याजवळ, चेहरा. त्या कोनातून कुणीही माणूस मोठाच दिसतो. सुलाबाई तर मुळातच मोठ्या होत्या.

मी तेव्हा सोलापूरला फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते. ज्या पेशंटांना सारखं सारखं शहरात येणं जमत नाही, त्यांना आम्ही विद्यार्थ्यांनी फोनवरून व्यायाम द्यायचे, असा उपक्रम आमच्या सरांनी काढला होता. प्रत्येकाला आठ माणसं. फॉर्मवर आमच्या नावापुढं ‘मार्गदर्शक’ आणि त्यांच्या नावापुढं ‘लाभार्थी’ असं छापलेलं असे. मी नाशकात वाढलेली, वर्गात दुसरी आलेली आणि स्वतःवर फार खूश असलेली मुलगी होते. मार्गदर्शक हा शब्द मला अगदी अंगाला बेतून शिवल्यासारखा वाटला होता.

पहिला फोन सुलाबाईंनी उचलला आणि मी नाव सांगायच्या आत म्हणाल्या, “ओटीपी न्हाय मिळायचा.”

“नाही हो आजी, मी कॉलेजमधून बोलतेय, व्यायामासाठी…”

“आजी कुनाला म्हनायलीस? तुज्यायेवढी नात न्हाय मला अजून. बाई म्हन. समदी शाळा बाईच म्हनायची.”

शाळा म्हणजे गावातली जिल्हा परिषदेची शाळा. तिथं त्यांनी वीस-बावीस वर्षं पोरांची खिचडी शिजवली. कागदोपत्री त्या स्वयंपाकीण, पण गावातली निम्मी तरुण मंडळी अजून त्यांना बाई म्हणते आणि त्या दिसल्या की हातातली सिगारेट पाठीमागं लपवते. खिचडीच्या रांगेत घुसणाऱ्याला त्या कान धरून शेवटी उभं करत, मग तो सरपंचाचा असो की सालगड्याचा. “भूक समद्यांची सारकीच असती, नंबर बी सारकाच,” हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते मला पहिल्या आठवड्यातच ऐकावं लागलं. दुसऱ्या पेशंटचा फोन लांबला म्हणून मी त्यांना दहा मिनिटं उशिरा फोन केला होता. मी माफी मागितली तर म्हणाल्या, “माफी नगं. म्होरल्या येळी नंबरात ये.”

त्यांचं दुखणं असं होतं. फेब्रुवारीत घरामागच्या धुण्याच्या दगडावरून त्या घसरल्या आणि खुब्याजवळचं हाड मोडलं. सकाळी पडल्या, त्या दुपार कलेपर्यंत तिथंच पडून. शेजारच्या शारदाताई शेळ्या घेऊन परतल्या तेव्हा त्यांना कण्हणं ऐकू आलं. सोलापुरात ऑपरेशन झालं, हाडात सळई बसली, काठी हातात आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगी लांब दिलेली आणि एकुलता एक मुलगा मिलिंद पुण्यात कंपनीत नोकरीला. तो आईवर जीव टाकणारा माणूस. त्यानं चौथ्या मजल्यावरच्या आपल्या घरात आईसाठी खोली रिकामी केली, पलंग आणला, न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले.

सुलाबाईंना जायचं नव्हतं.

“मुलगा वाईट न्हाय गं. सून बी चांगली हाय,” त्या मला म्हणाल्या. “पर तितं मी कोन? मिलिंदची आई. हितं मी सुलाबाई हाय.”

मायलेकांत शेवटी करार झाला. जमिनीवर बसायचं आणि कुणाचा हात न धरता, भिंतीला न टेकता तीनदा उठून दाखवायचं. दिवाळीला मिलिंद येईल तेव्हा जमलं तर पुण्याचा विषय बंद. नाही जमलं तर आईनं मुकाट्यानं गाडीत बसायचं. त्याचंही खरं होतं. आई अर्धा दिवस अंगणात पडून राहिली हे ज्याला फोनवरून कळलं, त्यानं दुसरं काय मागावं? सरांनी एक्स-रे मागवून ऑपरेशनवाल्या डॉक्टरांशी बोलून घेतलं. हाड चांगलं सांधलं होतं, खाली बसायला हरकत नव्हती. आता उरलं होतं ते माझं काम, असं मला वाटलं.

मी कॉटवर मांडी घालून, मांडीवर फॉर्म ठेवून सूचना द्यायची. “पाय सरळ. पंजा वर. दहा वेळा करा.” तेव्हा अजून व्हिडिओ जमत नव्हता, नुसता आवाज असायचा. तिसऱ्या दिवशी सुलाबाई मधेच थांबल्या.

“तुजा दम ऐकू यीना मला.”

“म्हणजे?”

“माजा ऐकू येतोय का तुला? मग तुजा का यीना? तू बसून सांगायलीस व्हय?”

मी खोटं बोलणार होते, पण का कोण जाणे, बोलवलं नाही. हो म्हणाले.

“म्या खिचडी कदी चाकल्याबिगर वाडली न्हाय,” त्या म्हणाल्या. “आदी तू कर. मग मी करीन.”

तेव्हापासून हॉस्टेलच्या खोलीत सतरंजी टाकून मी त्यांच्याबरोबर व्यायाम करू लागले. खुर्चीतून हात न लावता दहादा उठणं किती कठीण असतं, हे बाविसाव्या वर्षी मला सुलाबाईंमुळं कळलं. तोपर्यंत ते मी फक्त परीक्षेत लिहिलेलं होतं. माझी रूममेट हसून हसून लोळायची. मग एक दिवस तीही आपल्या लाभार्थींबरोबर उठबशा काढायला लागली आणि आमच्या मजल्यावर संध्याकाळी सहा वाजता सगळीकडून धापा ऐकू येऊ लागल्या.

पण माझी खरी फजिती व्हायची होती. मोजायचं काम त्या स्वतः करत, मोठ्या आवाजात, शाळेत पोरं मोजावी तसं. नेटवर्क खरखरतं. मला ऐकू यायचं, “लांब, दोन, तीन, चार…” मला वाटलं, पाय लांब कर असं त्या स्वतःलाच बजावतात आणि मग दोनपासून मोजतात. म्हणजे दहा म्हणेपर्यंत भरले नऊच. मी हुशार मुलगी. दर वेळी गोड आवाजात म्हणायची, “बाई, अजून एक राहिलं.” त्या करायच्या, काही बोलायच्या नाहीत. असं तीन आठवडे चाललं. मी फॉर्ममध्ये शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘लाभार्थी आकडे मोजताना चुकतात. स्मरणशक्ती तपासावी.’

फॉर्मची एक प्रत घरच्यांना जायची. ती मिलिंदला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला सुलाबाईंचा फोन. त्यांनी आपणहून केलेला तो पहिलाच.

“काय लिवलंयस गं माज्याबद्दल? मिलिंद मला वार विचारायलाय. आज बुधवार का गुरुवार, परदानमंत्री कोन, राती काय जेवलीस! म्हनतोय दिवाळीची वाट कशाला बगायची, म्होरल्या आटवड्यात गाडी घिऊन येतो.”

मी चाचरत सांगितलं, “बाई, तुम्ही मोजताना एक म्हणतच नाही. लांब म्हणता आणि एकदम दोन.”

पलीकडं असं हसू फुटलं की मी फोन कानापासून लांब धरला.

“लांब न्हाय गं येडे, लाभ! लाभ! धान मापताना पयल्या मापाला एक न्हाय म्हनत, लाभ म्हनत्यात. लाभ, दोन, तीन. तुमच्याकडं न्हाय म्हनत?”

आमच्याकडं धान मापत नाहीत, पाच किलोची पिशवी आणतात, हे मी सांगितलं नाही. ‘लाभार्थी’ हा शब्द मात्र मी दिवसातून आठ वेळा लिहीत होते.

“मग तुम्ही एवढे दिवस जास्तीचं एक का करत होता? बोलायचं ना!”

“मला वाटलं तुज्या कालेजात अकराला दहा म्हनत असत्याल,” त्या म्हणाल्या. “मास्तर मानसाला मदीच तोडू नये.” आणि लगेच, “ते काय देवाधर्माचं न्हाय बरं का. मी ते मानीत न्हाय. सवय हाय जिभेची. शाळंत तांदूळ मापताना बी लाभच म्हनायचे.”

मी मिलिंदला फोन करून चूक कबूल केली. जळकोटातच वाढलेला माणूस तो, पहिल्या वाक्यातच समजला आणि बराच वेळ हसला. पण हसणं संपल्यावर म्हणाला, “मॅडम, एक सांगू? मला क्षणभर बरं वाटलं होतं. म्हटलं, आता आणायला कारण मिळालं.” आईला नेऊ पाहणाऱ्या त्या माणसाचा मला राग यायचा तो तिथं संपला. सरांसमोर मात्र मला शेरा खोडून खाली सही करावी लागली, आणि सरांनी तो फॉर्म पुढं दोन तुकड्यांना दाखवला.

व्हिडिओ सुरू झाल्यावर सुलाबाईंचं घर दिसू लागलं. एक खोली, पुढं ओटा, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब शेजारी शेजारी, खाली पोरांच्या लग्नाचा फोटो. फोन लागला की “जय भीम, नाशिकवाली,” म्हणायच्या. मी आधी गांगरून नमस्ते म्हणायची. “नमस्ते बी चालतंय, पर पोटातनं काड,” असं उत्तर यायचं. पुढं मीच आधी जय भीम म्हणू लागले.

हळूहळू फोनसमोर पायांच्या जोड्या वाढत गेल्या. शारदाताई आल्या, धनगराच्या घरच्या, जन्मभर शेळ्यामेंढ्यांमागं हिंडून गुडघे झिजलेल्या. त्यांच्या मागून आणखी तिघी. माझ्या यादीत एकच नाव, समोर पाच बायका. सुलाबाईंनी त्यांना ओळीनं उभं केलं आणि माझ्या व्यायामांची नावं बदलून टाकली. माझी नावं इंग्रजी होती आणि ती कुणाच्या तोंडात बसत नव्हती. टाचा उचलणं म्हणजे ‘शिक्यावरचं’, का तर शिक्यावरचं भांडं काढताना आपण टाचा उचलतोच. खुर्चीतून उठणं-बसणं म्हणजे ‘पावणं’. सुलाबाई ओरडायच्या, “पावणं आलं!” की पाचही जणी उभ्या. “पावणं गेलं!” की खाली. मधेच त्या “पावणं दारातच हाय!” म्हणायच्या, तेव्हा सगळ्यांनी अर्धवट वाकलेलं थांबायचं. मांड्या थरथरायच्या.

“ह्यो पावना लई चिवट हाय, सुलाबाई,” शारदाताई एकदा कळवळून म्हणाल्या.

“चा पिल्याबिगर कसा जाईल?”

मी ही नावं माझ्या बाकी सातही जणांवर वापरली. सगळ्यांना पहिल्या फटक्यात कळली. चार वर्षं ज्या पुस्तकांवर मी रात्रंदिवस मान मोडली, त्यांतल्या एकातही पाहुणा नव्हता.

त्यांना सगळ्यात जास्त सलायचं ते विहारातलं. पौर्णिमेला वंदनेला सगळ्या बायका सतरंजीवर बसत आणि सुलाबाईंना मागं प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलेली असे. पोरं प्रेमानं ठेवत. “समदे खाली अन् मी एकटी वर,” त्या म्हणाल्या. “जलमभर सांगितलं की नंबर सारका. आता मीच वर बसायले.” हे सांगताना त्यांचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. मी त्या दिवशी पावणं दोनदा जास्त आणलं.

पोळा झाल्यावर त्यांचे सलग तीन फोन चुकले. “पावणे आलेत,” असा निरोप आला आणि मी तो भोळेपणानं खरा मानला. मग एक दिवस शारदाताईंनी चोरून फोन केला. सुलाबाई पडल्या होत्या. एकट्या असताना जमिनीवर बसून उठायचा प्रयत्न केला, अर्ध्यात तोल गेला, मागं बसल्या त्या बसल्याच. शारदाताईंनी येऊन उचललं. हाडाला काही झालं नव्हतं, पण मिलिंदला सांगायचं नाही अशी शपथ सगळ्यांना घातली होती.

मी भयंकर चिडले. खरं सांगायचं तर घाबरले होते, पण चिडणं सोपं असतं. मी त्यांना पाच मिनिटं सुनावलं. सांगितल्याशिवाय का केलं, पुन्हा मोडलं असतं तर, माझ्यावर विश्वास नाही का. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाल्या, “झालं? आता मी बोलू?”

“बोला.”

“दवाखान्यात म्हनले पडू नका. मिलिंद म्हनतोय पडू नगंस. तू बी म्हनतीस पडू नका. समदे मला पडू नगं म्हनत्यात. पडल्यावर काय करायचं ते एकानं बी सांगितलं न्हाय. त्या दिवशी अंगनात मला हाड दुकत हुतं ते येगळं, पर मला ठावंच नव्हतं गं, की पडलेल्या मानसानं सुरू कुठनं करायचं. पडायचं शिकव मला.”

मी फॉर्म बंद केला. त्या संध्याकाळी सरांकडं जाऊन सगळं सांगितलं. सर म्हणाले, “बरोबर मागतायत त्या. तिथूनच सुरू कर.”

आम्ही उलटीकडून सुरू केलं. आधी जमिनीवर आडवं पडून राहायचं, घाबरायचं नाही, श्वास मोजायचा. मग कुशीवर वळायचं. कोपरावर रेटा देऊन हातापायांवर यायचं. मग चांगला पाय पुढं टाकायचा, त्याच गुडघ्यावर आपले दोन्ही हात, आणि वर. हातापायांवर या, हे सांगताना मीच अडखळत होते. साठी उलटलेल्या बाईला रांगा कसं म्हणायचं?

“रांग म्हन की सरळ,” त्या म्हणाल्या. “रांगल्याबिगर कोन चाललंय?”

शारदाताई शेजारी उभ्या आणि मी इकडं माझ्या सतरंजीवर आडवी. दोन महिने आम्ही दोघी, आपापल्या गावात, एकाच वेळी पडत होतो आणि उठत होतो. नवरात्रापर्यंत त्या रांगत्या व्हायच्या, पण वर येता यायचं नाही. पुढचा गुडघा लटपटायचा. एकदा तशाच अर्ध्यावर थांबून मला म्हणाल्या, “हितनं पुनं दिसतंय गं,” आणि खाली बसल्या. विजयादशमीनंतरच्या आठवड्यात एक दिवस आल्या वर. शारदाताईंनी टाळ्या वाजवल्या. सुलाबाई म्हणाल्या, “टाळ्या नगं, अजून दोनदा हाय.”

दिवाळीच्या दोन दिवस आधी मिलिंदचा फोन आला. “मॅडम, आई मधे पडली-बिडली नाही ना?” मी म्हणाले, “ते तुम्ही त्यांनाच विचारा.” फोन ठेवल्यावर मला माझाच राग आला. नाही म्हणण्याची हिंमत नव्हती आणि हो म्हणण्याचीही नव्हती.

ठरलेल्या दिवशी सकाळी दहाला व्हिडिओ लागला. माझ्या तुकडीचा तो शेवटचा आठवडा होता. त्यानंतर यादी पुढच्या वर्गाकडं जाणार होती. डब्यापाशी बसवलेल्या फोनमधून मला सुलाबाईंचे पाय दिसले, त्यांच्यासमोर पांढरे मोजे घातलेले मिलिंदचे. दारात शारदाताई आणि त्या तिघी. काठी खुंटीला.

सुलाबाई बसायला लागणार, एवढ्यात मिलिंदनं विचारलं, “आई, मधे पडली होतीस का?”

मी इकडं डोळे मिटून घेतले.

“पडले हुते,” त्या म्हणाल्या. “पोळ्याच्या दुसऱ्या दिशी. शारदानं उचललं. तुला सांगितलं न्हाय, ती माजी चूक.”

“बघ! म्हणूनच मी म्हणतो…”

“थांब. तुजं म्हननं बसून उठायचं हुतं न्हवं? मी पडून उठून दाखवते.”

आणि त्या जमिनीवर गेल्या आणि उताण्या आडव्या झाल्या. हात दोन्ही बाजूंना, डोळे पत्र्याकडं, अंगणात त्या दिवशी पडल्या असतील तशा. मिलिंदच्या तोंडून आवाज निघाला आणि तो पुढं झुकला.

“हात मागं,” आई खालून म्हणाली.

त्यानं हात मागं घेतले. सुलाबाई कुशीवर वळल्या. कोपर टेकला. कर्त्या मुलासमोर, चार शेजारणींदेखत, अजिबात घाई न करता त्या चारी हातापायांवर आल्या. पाय पुढं. दोन्ही हात गुडघ्यावर. तो गुडघा लटपटला. मला तो फोनच्या अगदी समोर, डब्याएवढा मोठा दिसत होता. मी इकडं माझ्या सतरंजीवर तशीच अर्ध्यात अडकलेली होते आणि मला रडू येत होतं. मग गुडघा थांबला आणि त्या वर गेल्या. असं तीनदा. तिसऱ्यांदा उठल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि बराच वेळ नुसत्या उभ्या राहिल्या, दम घेत. मिलिंदनं चष्मा काढून पुसला.

“बरं,” तो म्हणाला. “राहा.”

एवढंच. पलंगाचं, खोलीचं, कशाचंच नाव त्यानं काढलं नाही.

“आता तू बस खाली,” सुलाबाई म्हणाल्या.

“मी कशाला?”

“बस म्हनते न्हवं.”

तो बसला. चाळिशीचा, कंपनीच्या खुर्चीत पोट सुटलेला माणूस. उठायला गेला तर अर्ध्यावर अडकला, हसला आणि त्याचा हात आपोआप आईकडं वर गेला. सुलाबाईंनी आपले दोन्ही हात पाठीमागं बांधून घेतले.

“हात न्हाय,” त्या म्हणाल्या. “पुन्याला जायच्या आत शिकून जा. तितं चौथ्या मजल्यावर पडलास तर उचलाय मी न्हाय.”